डीजेवाल्याचा ताळेबंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत ‘डीजे’ हा शब्द पाहून काहींना हसू आले असेल, काहींना थोडा रागही आला असेल. ऊस, कापूस, वीज, रोजगार हमी या विषयांच्या पंक्तीत मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांना कशासाठी बसवायचे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या धंद्यात खेड्यापाड्यांतील, तालुक्याच्या गावांतील आणि शहरांच्या वस्त्यांतील तरुण कर्ज काढून उतरतात, ज्याच्यापायी शेजारचा वृद्ध आणि पाळण्यातले मूल रात्रभर तळमळते, आणि ज्याचा खर्च बहुधा निवडणुकीकडे डोळा असलेला कोणी पुढारी करतो, तो धंदा अर्थशास्त्राच्या बाहेरचा कसा मानावा? वर्षातून दोनदा वर्तमानपत्रांत या विषयावर संताप व्यक्त होतो आणि विसर्जन झाले की तोही विसर्जित होतो. संतापाच्या जागी थोडा हिशेब मांडावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्या वाजविणारा माणूस. महाराष्ट्रात मात्र ‘डीजे’ या शब्दाने माणसाचा बोध न होता यंत्रांच्या ढिगाऱ्याचा बोध होऊ लागला आहे. ‘डीजे आला’ म्हणजे ट्रॉली आली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्याच ढिगाऱ्याला ‘डॉल्बी’ म्हणतात. वस्तुतः रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली स्थापन केलेल्या कंपनीची प्रारंभीची ख्याती ध्वनिमुद्रणातील नको असलेली खरखर कमी करण्याबद्दल होती. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव गोंगाटाला मिळावे, हा योगायोग विनोदी खरा. पण माणसाचे नाव यंत्राला चिकटले आणि माणूस दिसेनासा झाला, ही गोष्ट मात्र विनोदावारी नेण्यासारखी नाही.

धंद्याचा उगम

फिरत्या ध्वनिसंचाचा व्यवसाय जगात प्रथम गरिबांच्या वस्तीत वाढला. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात वाद्यवृंद बोलावणे ज्यांना परवडत नसे, ते लोक मोकळ्या अंगणात ‘साउंड सिस्टिम’भोवती जमत. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड ही त्या काळातील दोन मोठी नावे. त्यांपैकी रीड यांचे मद्याचे दुकान होते. संगीताने गर्दी जमे आणि गर्दीवर विक्री होई. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून टाकण्याची रीत तेथलीच. जमैकात जन्मलेला कूल हर्क न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला आणि १९७३ साली त्याने एका इमारतीतील सभागृहात वाजविलेल्या तबकड्यांपासून पुढे हिप-हॉप नावाचा संगीतप्रवाह निघाला, असे मानले जाते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स नावाने जी तबकडी फिरविण्याची यंत्रे बाजारात आणली, ती पुढे या व्यवसायाची जणू लेखणी ठरली. नंतर कॉम्पॅक्ट डिस्क आली, लॅपटॉप आला, आणि आता पेनड्राइव्हवर हजारो गाणी खिशात मावतात. गाणे जवळ बाळगण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. आवाज पोहोचविण्याचा खर्च मात्र वाढतच गेला. या धंद्याची सारी शोकांतिका या विषम गतीत आहे.

महाराष्ट्रातील परंपरा वेगळी आहे. लग्नात सनई-चौघडा, वरातीत हलगी, पुढे ब्रास बँड, बेंजो पार्टी आणि मांडवाच्या बांबूला बांधलेला कर्णा, अशा या पायऱ्या आहेत. यांतील सनई आणि हलगी वाजविणे हे बहुतांशी घडशी, होलार, मांग अशा जातींच्या वाट्याला जन्माने आलेले काम होते. वाजवायचे सर्वांच्या दारात आणि जेवायचे मात्र पंगतीपासून दूर, अशी त्याची रीत. डीजेच्या धंद्याने ही वीण सैल केली, हे मान्य केले पाहिजे. लॅपटॉपपुढे उभ्या राहणाऱ्या तरुणाला त्याची जात कोणी विचारत नाही, निदान वाजविण्याच्या हक्कासाठी विचारत नाही. तथापि त्याच वेळी हलगीवाल्याची आणि बँडवाल्याची रोजी गेली. दहा वादकांच्या हातांचे काम एका संचाने केले. उरलेल्या वादकांपैकी किती जण त्याच संचाच्या पेट्या उचलण्याच्या कामावर आले, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही.

एका संचाचा हिशेब

आता संच म्हणजे काय ते पाहू. अठरा इंची स्पीकरांच्या बेसच्या पेट्या, त्यांच्यावर टॉप, अँप्लिफायरांची रॅक, मिक्सर, लॅपटॉप, जनरेटर, शार्पी आणि लेझरचे दिवे, धुराचे यंत्र, आणि हे सारे वाहून नेणारा टेम्पो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली. यांपैकी काही मालकीचे, काही भाड्याचे. मालक बहुधा स्वतःच वाजविणारा असतो. म्हणजे तो भांडवलदार आहे काय? उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण त्यांची रचना कोणत्याही डीजेवाल्याला ओळखीची वाटेल.

समजा, दहा लाख रुपयांचा संच कर्ज काढून घेतला आणि तो पाच वर्षे टिकला. वर्षाचा घसारा दोन लाख. व्याज बारा टक्क्यांनी पहिल्या वर्षी एक लाख वीस हजार. एकूण तीन लाख वीस हजार. लग्नाच्या तिथी, गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती मिळून वर्षाला चाळीस ऑर्डरी मिळाल्या, तर प्रत्येक ऑर्डरीवर आठ हजारांचा बोजा संच जागचा न हलताच पडतो. ऑर्डरीचा दर वीस हजार धरू. टेम्पो आणि डिझेल पाच हजार, चार पोरांची मजुरी प्रत्येकी आठशेप्रमाणे बत्तीसशे, दुरुस्ती पंधराशे, मिळून नऊ हजार सातशे. हातात उरले दोन हजार तीनशे. चाळीस ऑर्डरींचे ब्याण्णव हजार, म्हणजे महिन्याला आठ हजारांहूनही कमी. ज्याच्या नावाचा फलक ट्रॉलीवर झगमगतो, त्याची ही प्राप्ती त्याच्याच मजुराच्या मोसमी रोजाशी ताडून पाहावी.

प्रत्यक्षात त्याला असे वाटत नाही. कारण घसारा तो धरतच नाही. घसारा वगळला की प्रत्येक ऑर्डरीत सात हजार तीनशे उरल्यासारखे दिसतात, वर्षाला दोन लाख ब्याण्णव हजार. ही प्राप्ती समजून तो घर चालवितो, बहिणीचे लग्न करतो, मोटारसायकल घेतो. वस्तुतः तो स्वतःचे भांडवल खात असतो. पाचव्या वर्षी पेट्या फाटतात, अँप्लिफायर जळतो, आणि नवा संच घेण्यासाठी पुन्हा कर्जच काढावे लागते. विहिरीचे पाणी उपसताना झरा किती आहे हे न पाहणाऱ्या शेतकऱ्याची जी गत, तीच याची.

आता चाळीसपैकी दहा ऑर्डरी रद्द झाल्या असे धरा. बंदी आली, पाऊस लागला किंवा संच जप्त झाला. तीस ऑर्डरींवर स्थिर खर्चाचा बोजा प्रत्येकी दहा हजार सहाशे सदुसष्ट होतो, आणि दरातून चालू खर्च वजा जाता उरतात दहा हजार तीनशे. धंदा तोट्यात गेला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे मिरवणुका निघाल्या नाहीत आणि लग्ने मोजक्या माणसांत झाली. त्या काळात हप्ते फेडताना ज्यांचे संच मातीमोल भावाने विकले गेले, त्यांच्या हालाचे अर्थशास्त्र हे असे आहे.

आवाजाची शर्यत

मग तो दर का वाढवीत नाही? कारण शेजारच्या गावचा डीजेवाला कमी दरात यायला तयार असतो. आणि दर वाढवता येत नाही म्हणून तो आवाज वाढवितो. येथे पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र एकमेकांना भेटतात. आवाज मोजण्याचे डेसिबल हे माप साध्या बेरजेने चढत नाही. संचाची विद्युतशक्ती दुप्पट केली, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. ऐकणाऱ्याला आवाज ‘दुप्पट’ वाटावा असे वाटत असेल, तर शक्ती सुमारे दसपट करावी लागते. घटत्या फलाचा नियम याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. वरील हिशेबातील तरुणाने दहा लाखांऐवजी वीस लाखांचा संच घेतला, तर त्याचा स्थिर बोजा प्रत्येक ऑर्डरीमागे आठऐवजी सोळा हजार होतो. पूर्वीइतकेच उरावे म्हणून त्याला दर अठ्ठावीस हजार केला पाहिजे, तोही जादा मजूर आणि जादा डिझेल न धरता. आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडले काय? ३ डेसिबल. शेजाऱ्यानेही तसाच संच आणला की तेवढाही वरचढपणा उरत नाही. दोघेही कर्जात, दोघेही जागच्या जागी. स्पीकर बनविणारा, सावकार आणि डिझेलवाला एवढेच पुढे गेलेले असतात.

या शर्यतीची जाहिरात डीजेवाला स्वतःच करतो. गाण्यांची जी नवी मिश्रणे तो तयार करतो किंवा करवून घेतो, त्यांत मधूनच त्याच्या नावाची आरोळी पेरलेली असते. गाणे गावोगाव मोबाइलवर फिरले की नावही फिरते. ट्रॉलीवर नाव, टेम्पोच्या काचेवर नाव, इन्स्टाग्रामच्या चित्रफितींत नाव. किंग्स्टनमध्ये लेबल खरवडून गाणे लपवीत. येथे गाण्यावरच आपले लेबल चिकटवितात. दोन्ही उपाय एकाच असुरक्षिततेतून आले आहेत. शहरात मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक किंवा लग्नाचा ठेकेदार ऑर्डर मिळवून देतो आणि आपले दलाली कापून घेतो. गावात मंडळाच्या अध्यक्षाची मर्जी राखावी लागते. विसार हातात पडतो, उरलेली रक्कम ‘विसर्जनानंतर बघू’ या सदरात जाते. लेखी करार बहुधा नसतोच.

कायद्याचा बडगा कोणावर?

ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा त्यांत आहे. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावला तर जागेच्या सीमेवरील आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात रात्रीची बंदी उचलून धरली. २०१८ साली विसर्जनाच्या तोंडावर ध्वनिव्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिला अंतरिम दिलासा मिळाला नाही.

नियम योग्य आहेत, यात शंका नसावी. ७५ आणि १०५ यांत केवळ तीस अंकांचे अंतर दिसते, पण ध्वनीच्या ऊर्जेत ते हजारपटीचे आहे. ज्या घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे, परीक्षेला बसणारी मुलगी आहे, त्या घराला शांततेचा हक्क आहे. आणि असे घर बहुतेक वेळा चाळीतले किंवा वस्तीतले असते. श्रीमंताच्या बंगल्याला काचा आणि अंतर असते. शांतता ही मध्यमवर्गाची चैन आहे, असे बोलणाऱ्याने गरिबाच्या पत्र्याच्या भिंतीमागे एक रात्र काढून पाहावी.

परंतु अंमलबजावणी पाहा. मर्यादा ओलांडली की संच जप्त होतो डीजेवाल्याचा. ‘अजून वाढव’ म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा कार्यकर्ता घरी जातो, आणि ज्याचे छायाचित्र स्वागतकमानीवर आहे तो दुसऱ्या दिवशी शांततेचे आवाहन करतो. पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंडाची तरतूद आली. पुढाऱ्याला हा दंड म्हणजे मिरवणुकीच्या खर्चातली एक बाब. ज्याची वर्षाची प्राप्ती ब्याण्णव हजार आहे, त्याला तो दिवाळखोरीचा हुकूम आहे.

आणखी एक दुटप्पीपणा नोंदविला पाहिजे. ढोल-ताशांची शंभर शंभर जणांची पथके वाजू लागली की आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. त्याला संस्कृती म्हणतात, आणि वस्तीतल्या पोरांच्या डीजेला विकृती. डेसिबलमापक यंत्राला जात आणि वर्ग कळत नाही. माणसांनीही या एका बाबतीत यंत्राचे अनुकरण करावे. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर मान वर करून चालता आले नाही, तो मोठ्या आवाजात आपले अस्तित्व सांगतो. त्यामागची भावना समजून न घेता केवळ नाक मुरडणे हे अज्ञान आहे. मात्र भावना समजून घेणे म्हणजे त्याच वस्तीतील तान्ह्या मुलाच्या कानांकडे दुर्लक्ष करणे नव्हे.

न मोजलेले कामगार

या साऱ्या गदारोळात ज्यांच्याविषयी कोणीच बोलत नाही, ती पेट्या उचलणारी पोरे. संच चढविणे, बांधणे, रात्रभर पेटीला पाठ लावून उभे राहणे, ट्रॉली विजेच्या तारांखालून जाताना बांबूने तार उचलून धरणे, आणि पहाटे वायरी गुंडाळणे, हे त्यांचे काम. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटे. हे तरुण तेथे सहा-सहा, आठ-आठ तास उभे असतात. कारखान्यात असा आवाज असता तर निरीक्षकाला निदान खुलासा तरी मागता आला असता. येथे कारखाना चाकांवर आहे आणि हजेरीपट नाही. ऐकू येणे एकदा गेले की परत येत नाही, आणि जाताना ते दुखतही नाही. कानात रात्री शीळ वाजू लागते, तेव्हा नुकसान झालेले असते. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगाराला ती खुली आहे. या धंद्यातील किती मुलांना तिचे नाव ठाऊक आहे?

गाणे रचणारा आणि गाणाराही श्रमिकच आहे, हेही डीजेवाल्याने विसरू नये. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा हक्क बळकट झाला. लग्नातल्या आणि वरातीतल्या वादनाला स्वामित्वहक्क कायद्यात अपवाद आहे, पण तिकीट लावलेल्या व्यापारी कार्यक्रमाला नाही. हा फरक माहीत नसल्याने कोणीही येऊन परवान्याच्या नावाखाली धमकावतो आणि पैसे काढतो. अज्ञानाची किंमत नेहमी दुर्बळच भरतो.

करण्यासारखे

यावर बंदीची घोषणा सोपी आहे आणि परवानगीची घोषणा त्याहून सोपी आहे. दोन्ही घोषणा देणारे बहुधा एकाच व्यासपीठावर बसतात. कार्यकर्त्यांनी त्यापेक्षा अवघड आणि उपयुक्त कामे हाती घ्यावीत.

पहिले काम तालुक्यातील डीजेवाल्यांना एकत्र बसविण्याचे. शर्यतीतून कोणी एकटा बाहेर पडू शकत नाही. जो आवाज कमी करील त्याची ऑर्डर जाईल. सर्वांनी मिळून संचाची कमाल मर्यादा आणि किमान दर ठरविला, तरच प्रत्येकाचा खर्च घटेल. कायद्याची मर्यादा या दृष्टीने त्यांची शत्रू नसून त्यांच्या करारनाम्यातील सर्वांत उपयोगी कलम आहे. मोसमात दोन-चार दिवस लागणारी महाग यंत्रे प्रत्येकाने कर्ज काढून घेण्याऐवजी सहकारी संस्थेच्या मालकीची असावीत.

दुसरे काम लेखी कराराचे. परवानगी घेण्याची आणि दंडाची जबाबदारी मंडळाची, निम्मी रक्कम आधी, आवाजाचा आकडा कागदावर. अशा कागदामुळे न्यायालयातील जबाबदारी आपोआप टळणार नाही, पण ‘अजून वाढव’ म्हणणाऱ्याची सही तरी त्यावर असेल. तिसरे, मदतनीस पोरांची नोंदणी, कानांत घालायची बोंडे, पाळीने विश्रांती आणि अपघात विमा. चौथे काम आपल्याच मंडळांत करायचे आहे. वर्गणीचा जाहीर हिशेब मागावा, आणि डीजेचा खर्च कोणी आणि कशाच्या मोबदल्यात दिला हे विचारावे. हा प्रश्न विचारणारा कार्यकर्ता काही दिवस एकटा पडेल. तरी त्याने विचारावा.

येत्या मोसमाच्या आधी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एका तरी डीजेवाल्याबरोबर बसून त्याच्या संचाचा घसाऱ्यासकट हिशेब वहीवर मांडावा. त्या बैठकीला पेट्या उचलणाऱ्या पोरांना आणि ज्यांच्या दारावरून मिरवणूक जाते त्या घरांतील दोघाचौघांनाही बोलवावे. आजवर हे तिघे मिरवणुकीच्या रात्रीच समोरासमोर येत आले आहेत, आणि त्या रात्री कोणालाच कोणाचे ऐकू येत नाही.